बार्बी १९६६ ची नाहीये, आणि आधी सॉर्टिंग करू नका

या आठवड्याचं पत्र म्हापशाहून आलंय. लांबलचक होतं, मी थोडं छाटलंय:

"ताई, आमचं जुनं घर सोडून मे संपायच्या आत पर्वरीच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट व्हायचंय. माळ्यावर आणि मागच्या खोलीत मिळून चार ट्रंका आणि एक कपाट भरून खेळणी आहेत. बाबा तारवटी, म्हणजे जहाजावर कामाला होते, दर खेपेला काहीतरी आणायचे. गेली दहा वर्षं मी स्वतः हॉट व्हील्सच्या छोट्या गाड्या जमवतोय, सहाशे तरी असतील, नक्की माहीत नाही. गेल्या महिन्यात एक कमॅरो घेतली, घरी येऊन बघतो तर तीच गाडी आधीच दोन. यादी करायला तीनदा बसलो, तीनदा सोडली, शेवटच्या वेळी एक्सेलमध्ये सत्तावीस रकाने केले होते. त्यात माझ्या मोठ्या बहिणीची बार्बी सापडली, पाठीवर १९६६ आणि खाली इंडिया असं आहे, मी फॅमिली ग्रुपवर टाकलं की ही लाखाची वस्तू आहे, आता मडगावची ताई म्हणते माझं सगळं मोजून दे, आणि बोलणं बंद. काही जी आय जो, ते खेळण्यातले सैनिक, कमरेत तुटलेत, ते टाकू का? आईची चावीची पत्र्याची कोंबडी आहे, चावी हरवलीय. बायको म्हणते सगळं भंगारवाल्याला दे. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला हात लावू द्यायचा का? सुरुवात कुठून करू? — माळ्यावर अडकलेला, म्हापसा"

दादा, सुरुवात ताईच्या फोनपासून करा. ट्रंक नंतर उघडा.

बार्बी १९६६ ची नाहीये. ते साल बाहुलीचं नाही, तिच्या धडाच्या साच्याचं आहे, म्हणजे त्या साली मॅटेलने, बार्बीच्या कंपनीने, त्या बॉडीचा कॉपीराइट नोंदवला आणि मग तोच शिक्का पुढे कित्येक वर्षं बाहुल्यांच्या पाठीवर उमटत राहिला, नव्वदीत विकलेल्या बाहुल्यांवरसुद्धा. जगभर हजारो लोक याच सालावरून फसलेत त्यामुळे तुम्ही काही फार मोठा मूर्खपणा केलेला नाही, पण ग्रुपवर टाकायच्या आधी थांबायला हवं होतं एवढं खरं. आणि उत्तर तर तुमच्याच पत्रात आहे बघा, खाली "इंडिया" लिहिलंय म्हणता ना. बार्बी भारतात बनायला लागली ऐंशीच्या दशकात, लिओ मॅटेल नावाने. तुमची ताई तेव्हा किती वर्षांची होती ते तुम्हालाच माहीत, माझा अंदाज आहे की ही बाहुली तिच्या दहाव्या-बाराव्या वाढदिवसाची असणार. लिओ मॅटेलच्या वस्तूंनाही शौकीन आहेत, अगदीच कवडीमोल नाही, पण लाख वगैरे विसरा. ताईला सरळ सांगा की मी साल चुकीचं वाचलं, बाहुली तुझीच आहे, पाठीचा फोटो पाठवतो. मेसेज नको, फोनच करा.

हे एवढं लांबण लावलं कारण तुमच्या यादीचं निम्मं काम याच्यात आलं. यादीत दोन रकाने कायम वेगळे ठेवायचे, एक "वस्तूवर काय लिहिलंय" आणि दुसरा "आपल्याला काय वाटतं". पहिल्यात फक्त अक्षरं, जशीच्या तशी, स्पेलिंगसकट. दुसऱ्यात अंदाज, ऐकीव गोष्टी, आई काय म्हणाली ते सगळं. दोन्ही एकाच रकान्यात घातलं की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही की हे १९६६ तुम्ही वाचलं होतं की ठरवलं होतं.

हॉट व्हील्सचंही तेच आहे. गाडी उलटी केली की पोटावर साल दिसतं ते त्या कास्टिंगचं, म्हणजे साच्याचं साल, तुमची गाडी कारखान्यातून कधी निघाली त्याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. गेल्या काही वर्षांतल्या गाड्यांना बेसवर बारीक छापलेला वेगळा कोड असतो, एक अक्षर आणि आकडा, अक्षर म्हणजे वर्ष आणि आकडा म्हणजे त्या वर्षातला आठवडा, ए म्हणजे २००८, बी म्हणजे २००९ असं पुढे चालू. कोड उतरवून घ्या, अर्थ नंतर लावा. तुमच्या तीन कमॅरो खरंच एकच आहेत की रंगाच्या शेडमध्ये, चाकांमध्ये, बेसमध्ये फरक आहे, हे त्या कोडशिवाय आणि फोटोशिवाय सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही वेंधळे नसालच, नकळत व्हेरिएशन्स जमवणारे असाल! (बायकोला हे सांगू नका.)

आता तुमची यादी तीनदा का फसली. तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैजेवर सांगते, तुम्ही आधी सगळं बाहेर काढून ढीग केले असणार, गाड्या इकडे, बाहुल्या तिकडे, मग गाड्यांत पुन्हा कंपनीप्रमाणे, मग कंपनीत रंगाप्रमाणे, आणि रात्री अकरा वाजता जेवायच्या टेबलावर जागा नाही म्हणून सगळं परत ट्रंकेत कोंबलं. मी हे स्वतः केलंय. फोंड्याकडच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळायचे मी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी छताला गळती लागली म्हणून पुस्तकं हलवायची होती, मला हुशारी सुचली की हलवतोच आहोत तर विषयवार लावूनच हलवू. चार दिवस विषय ठरवण्यातच गेले, महाभारत धर्मात की कथांत, पाचव्या दिवशी पाऊस, आणि माझे सुंदर विषयवार ढीग जमिनीवर. पुढची वीस वर्षं मग मी ॲक्सेशन रजिस्टरला देव मानलं.

ॲक्सेशन रजिस्टर म्हणजे काय ते सांगते, कारण तुम्हाला तेच करायचंय. पुस्तक ज्या क्रमाने हातात येईल त्या क्रमाने नंबर, १, २, ३, बस. नंबरला काही अर्थ नाही, तो विषय सांगत नाही, कपाट सांगत नाही, किंमत सांगत नाही. एकदा दिलेला नंबर दुसऱ्याला कधीच द्यायचा नाही, पुस्तक हरवलं तरी ओळ तशीच राहते, समोर लाल पेनाने "हरवलं" लिहायचं आणि तारीख. मोठ्या म्युझियममध्ये साल, टिंब, नंबर असं काहीतरी लिहितात पण मूळ तेच, येईल तसा क्रमांक. बाणावलीच्या गोवा चित्रमध्ये गेला असाल तर नांगरापासून मापापर्यंत केवढ्या वस्तू मांडून ठेवल्यात ते बघितलं असेल, आपल्याला मांडणी दिसते आणि आवडते, पण कुठल्याही संग्रहाच्या मागे आधी असलं एक कंटाळवाणं रजिस्टरच असतं.

तर सत्तावीस रकाने पुसा. शिफ्टिंगच्या आधी फक्त चार: नंबर, काय आहे, वस्तूवर काय लिहिलंय, कुठल्या पेटीत गेलं. आणि फोटो. मालक कोण, कंडिशन, कुठून आलं, अंदाज काय, हे सगळे रकाने पर्वरीला गेल्यावर, जूनमध्ये पाऊस लागला की रविवारी बाहेर जाता येत नाही तेव्हा बसून भरा. हिशेब बघा, एका गाडीला तीन मिनिटं धरली तर सहाशे गाड्यांचे तीस तास होतात, आणि तेवढा वेळ मे महिन्यात घर हलवताना कुणाकडेच नसतो. फोटो, नंबर आणि नाव एवढंच केलं तर एका मिनिटात एक गाडी उरकते, म्हणजे दहा तास, रोज जेवणानंतर तासभर काढला तर दहा दिवसांत गाड्या संपल्या.

लाँगबुकमध्ये लिहायचं की मोबाइलवर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण विचारणार होता. मी म्हणते पहिली नोंद लाँगबुकात, पेनाने. माळ्यावर हात धुळीने भरलेले असतात, फोन सारखा लॉक होतो, कुणाचा तरी कॉल येतो आणि ओळ चुकते. मग संध्याकाळी मुलाला बसवा, तो शीटमध्ये टाइप करेल, नऊ वर्षांची पोरं आपल्यापेक्षा फास्ट असतात, आणि टाइप करताना दोन चुका पकडेलसुद्धा.

ट्रंक उघडल्यावर लगेच हात घालू नका. आधी वरून एक फोटो. मग वरचा थर काढला की पुन्हा एक. कोण कुणाशेजारी होतं यावरून पुढे खूप कळतं, बाबांनी एका खेपेला आणलेल्या गाड्या एकाच पिशवीत असू शकतात, आणि ती पिशवी, तिच्यावरचं दुकानाचं नाव, आतला वर्तमानपत्राचा तुकडा, हे टाकायचं नाही, त्यालाही त्याच वस्तूचा नंबर. मग जमिनीवर पांढरी चादर, एक वस्तू उचलायची, नंबरची चिठ्ठी आणि फूटपट्टी शेजारी ठेवायची आणि तीन फोटो, समोरून, बाजूने आणि पोटाकडून. चिठ्ठी फोटोतच असली पाहिजे हां. फोटोला नाव नंतर देईन म्हणणारा माणूस मी अजून नाव देताना बघितलेला नाही, आणि चिठ्ठी फोटोत असली की दहा वर्षांनी फोन बदलला, फाइलचं नाव बदललं तरी फरक पडत नाही.

सुट्ट्या भागांचं असं, एक वस्तू एक नंबर, तिचे भाग तिरक्या रेघेने. समजा भातुकलीचा सेट ४३, तर चूल ४३/१, पातेलं ४३/२, आणि रजिस्टरच्या ओळीत एकूण नग किती ते लिहायचं म्हणजे एक झारा हरवला तर कळेल. लेगो असेल तर त्यातल्या एकेका विटेला नंबर देत बसू नका, वेड लागेल. खोक्यावर आणि माहितीपुस्तिकेवर सेट नंबर असतो तेवढा लिहा, त्या नंबरावरून रिब्रिकेबल या वेबसाइटवर पूर्ण भागांची यादी मिळते, मग काय कमी आहे ते सवडीने.

नंबर वस्तूवर कसा लावायचा? स्टिकर नाही, सेलोटेप तर अजिबात नाही, आपल्या हवेत सेलोटेपचा चिकट पिवळा डाग दोन पावसाळ्यांत कायमचा बसतो आणि काढायला गेलं की रंग सोबत येतो. सुती दोऱ्याला जाड कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने नंबर, गाडीच्या ॲक्सलला किंवा बाहुलीच्या मनगटाला सैल बांधायची. छोट्या गाड्या झिपच्या पिशवीत, चिठ्ठी आत. कार्डातल्या, न उघडलेल्या गाड्यांना काहीच बांधू नका, मागे कार्डावर छोटा कोड छापलेला असतोच, तो रजिस्टरमध्ये, आणि नंबरची चिठ्ठी वरून घातलेल्या पिशवीत. आणि हो, भारतातल्या पॅकवर एमआरपीजवळ महिना आणि साल असतं ते उतरवा, आपल्याकडच्या खेळण्यांना याच्याइतका पक्का पुरावा नाही. खोक्यावर आयएसआय मार्क असला तर बहुतेक अलीकडचं, खेळण्यांना ते सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून.

बाबांच्या ट्रंकेबद्दल मला जास्त उत्सुकता आहे खरं तर. तारवट्यांच्या घरातल्या ट्रंका हा गोव्यातला एक वेगळाच खजिना आहे, कुवेतचा रेडिओ, लंडनची बिस्किटांची डबी, आणि तळाशी मॅचबॉक्स नावाच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या. त्या गाड्यांच्या पोटावर "मेड इन इंग्लंड" आणि "लेस्नी" असेल तर त्या मूळ कंपनीच्या, लेस्नीने मॅचबॉक्स १९५३ साली काढली आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाली, म्हणजे या दोन सालांच्या मधल्या. चाकं बघा, जाड ॲक्सलवर जरा अडखळत फिरणारी असतील तर जुनी, बारीक ॲक्सलवर भर्रकन पळणारी असतील तर मॅचबॉक्सची "सुपरफास्ट" चाकं, ती १९६९ पासून, कारण आदल्याच वर्षी हॉट व्हील्स बाजारात आली होती आणि तिच्यापुढे मॅचबॉक्स सावकाश वाटायला लागली होती. आणि पोटावर "मेड इन मकाव" निघालं तर चकित होऊ नका, लेस्नी बुडाल्यावर नव्या मालकांनी गाड्या तिकडे बनवून घेतल्या. तेव्हा मकाव पोर्तुगीजांकडेच होतं, १९९९ पर्यंत, आपण गोवेकर आधी सुटलो. बाबांचा सीडीसी, म्हणजे ते जहाजावरचं पुस्तक, घरात असेल तर त्यात कुठल्या जहाजावर कधी चढले आणि कधी उतरले त्याच्या तारखा असतात. बंदरं आईला आठवतील किंवा जुन्या पत्रांवरच्या तिकिटांवरून कळतील. ते सगळं गाड्यांशेजारी ठेवून बघा एकदा. हे मात्र "आपल्याला काय वाटतं" या रकान्यात हां.

जी आय जो टाकू नका!! हे दोन उद्गारचिन्हं मुद्दाम. ते तुटलेले नाहीत, त्यांच्या पोटात एक काळी रबरी रिंग असते, ओ-रिंग म्हणतात, तिच्यावर वरचं धड आणि पाय ताणून धरलेले असतात, रबर वर्षांनी कडक होऊन तुटतं आणि बिचारा कमरेतून दोन होतो. पाठीला छोटा स्क्रू आहे, तो उघडायचा, नवीन रिंग पायांच्या हुकातून घालायची, पुन्हा बसवायचं. हार्डवेअरच्या दुकानात तुटकी रिंग दाखवा, मापाची मिळू शकते. आणि ते कुठले आहेत बघा, फनस्कूलचे असतील तर आपलेच, कंपनी १९८७ ची, एमआरएफवाल्यांची, आणि तिचा एक कारखाना गोव्यातच आहे. फनस्कूलच्या जी आय जोंना कधीकधी अमेरिकेतल्यापेक्षा भलतेच रंग दिलेले असायचे त्यामुळे परदेशातले लोक आज ते शोधत फिरतात. तुम्ही ते भंगारवाल्याला देणार होता. बंदुका आणि पाठीवरच्या पिशव्या ट्रंकेच्या कोपऱ्यात सांडलेल्या असतील, धूळ झाडायच्या आधी चाळणीने चाळा, चेष्टा नाही करत, पिठाची चाळणी घ्या.

आता पाऊस. पणजीत वर्षाला जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हापसा-पर्वरी काही वेगळं नाही, जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पुठ्ठ्याच्या कार्डाचं काय होणार. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला लागून पेट्या ठेवू नका, पावसाचा मारा तिकडूनच असतो, आणि जमिनीवर तर नाहीच, खाली लाकडी पट्ट्या टाका. सिलिका जेल घ्या, निळं गुलाबी झालं की संपलं, नारिंगी असेल तर ते हिरवं होतं, मंद आचेवर गरम केलं की पुन्हा वापरता येतं, पण निळ्यात कोबाल्ट असतं म्हणून नारिंगीच घ्या, मूल आहे घरात, आणि स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका.

आणि डांबरगोळ्या नकोत. मला माहितीये, आई म्हणेल घालच, आमच्याकडेही शालूपासून गोधडीपर्यंत सगळ्यात घालतात. पण डांबरगोळीच्या वाफेने काही जातीचं प्लॅस्टिक मऊ पडतं, चिकट होतं. माझ्या नणंदेची एक छान बाहुली अशीच गेली, गोळी गालाला टेकून होती, गालाला खळी पडली ती कायमची. जुन्या गाड्यांची मऊ टायरंसुद्धा प्लॅस्टिकच्या डब्याला चिकटून राहिली तर त्याला खड्डा पाडतात, म्हणून गाडीखाली साधा पांढरा कागद. सेलवर चालणारं काहीही असलं, रिमोटची गाडी, बोलणारी बाहुली, तर सेल आजच काढा, शिफ्टिंगची वाट बघू नका. आत पांढरी खपली आली असेल तर इअरबड व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून पुसा, मग कोरडं करा.

लाकडी लाखेची खेळणी असतील, कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांची किंवा सावंतवाडीची, तर त्यांना सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एका फटक्यात रंग बोळ्यावर. कोरडं मऊ फडकं पुरे. लाकडाला बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती वस्तू बाकीच्यांपासून लांब करा, पिशवीत बंद करा, मगच पुढचं.

बायको भंगारात द्या म्हणते ते तिचं चुकलं असं मला वाटत नाही. तिला चार ट्रंका दिसतायत आणि त्यात काय आहे ते तिला कुणी सांगितलेलं नाही, तुम्हालाच माहीत नाही तर तिला काय माहीत असणार. तिसरी कमॅरो आणि असलीच जी खरीखुरी डुप्लिकेट निघतील ती एका वेगळ्या पेटीत, पेटीवर "जाणार" लिहा, ती अदलाबदलीला किंवा विकायला, आणि ते पैसे कपाटाला लावा. किमतीचा रकाना मात्र शीटमध्ये इतक्यात करू नका. ईबेवर कुणी पाच हजार मागतो म्हणजे ती पाच हजारांची होत नाही, विकली गेलेली कितीला गेली तो फिल्टर लावून बघायचं, आणि तेही आपल्या कंडिशनची. घरात किंमत आधी आली की ताईसारखं होतं.

ताईचं राहिलं. जूनमध्ये "मालक" रकाना भरताना तीनच शब्द वापरा, माझं, ताईचं, ठरायचंय. शंका आली की ठरायचंय. तिला पर्वरीला बोलवा, शीट दाखवा, आणि ती बोलायला लागली की लिहून घ्या, कारण कुठली बाहुली कुठल्या जत्रेतली हे तुम्हाला आठवत नसेल पण तिला नक्की आठवत असणार. बोडगेश्वराच्या जत्रेतून आणलेली फटफट बोट तुमच्याकडे पण असेल ना, मेणबत्ती लावून परातीत फिरवायची ती? आमच्याकडच्या दोन्ही गंजून गेल्या.

नवीन गाडी घेतली की ती सरळ पेटीत जाऊ द्यायची नाही. दरवाजाजवळ एक ट्रे ठेवा, नोंद झाल्याशिवाय ट्रेमधून हलायचं नाही, ट्रे भरला की खरेदी बंद. शीट फोनवर असेल तर दुकानात उभं राहून "कमॅरो" सर्च मारा, पाच सेकंदांत कळेल. आणि पावसानंतर, दसऱ्याच्या सुमारास, वर्षातून एकदा पडताळणी: रजिस्टरमधले कुठलेही वीस नंबर निवडायचे आणि वस्तू शोधायच्या, मग उलट, कुठल्याही वीस वस्तू उचलायच्या आणि रजिस्टरमध्ये शोधायच्या. दोन्ही बाजूंनी करा, आम्ही लायब्ररीत एकाच बाजूने करायचो तेव्हा रजिस्टरमध्ये नसलेली चाळीस पुस्तकं कित्येक वर्षं कपाटात सुखात बसली होती.

मुलाला एक खण द्या. विनानंबरचा. त्यातली खेळणी त्याची, तुटली तर तुटली, यादीत नाहीत, फोटो नाहीत, विचारायचं नाही. नंबरच्या वस्तूला हात लावायचा तर त्याने रजिस्टरमध्ये लिहून घ्यायची, तारीख, नाव, परत कधी. माझ्याकडे चौथीची पोरं हे बिनचूक करायची, मास्तर लोक करायचे नाहीत.

आणि आईची कोंबडी. आईला विचारा ती कधी आली, पण साल विचारू नका, सालं कुणाला आठवत नाहीत. असं विचारा, गोवा लिबरेशनच्या आधी की नंतर? तू तेव्हा फ्रॉक घालायचीस की परकर? घरात वीज होती? एवढ्यावरून पाच-सहा वर्षांच्या आत येता येतं. "मेड इन जपान" असेल आणि मध्ये "ऑक्युपाइड" असा शब्द असेल तर ती १९५२ च्या आधीची, कारण जपान अमेरिकेच्या ताब्यात होतं तेव्हाच तसं लिहायचे. बोलताना फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, आईला सांगून. गंज असेल तर तेल वगैरे चोपडू नका, छापील रंग जातो, कोरडं पुसून सिलिकाच्या डब्यात. दुसऱ्या खेळण्याची चावी जबरदस्तीने घुसवू नका, स्प्रिंग आतल्या आत सुटली तर ती कोंबडी पुन्हा कधी दाणे टिपणार नाही. मूळ चावी बहुतेक ट्रंकेतच आहे, चाळणीत येईल. आली की तिला नवा नंबर देऊ नका, कोंबडीचाच नंबर, तिरकी रेघ, दोन.